कोथरूडमधील पाच शनिवार: ऑब्जेक्ट मॉडेल वेळेत बसते का, हे शिकवणारा अभ्यासक्रम

गेल्या पावसाळ्यात कोथरूडमधील एका खासगी प्रशिक्षण केंद्राने रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या मुदतीतच उत्तर द्यावे लागणाऱ्या, प्रणालींचे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मॉडेल (डेटा आणि त्यावरच्या कृती एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’ या घटकांतून केलेली रचना) आणि त्याचे शेड्युलेबिलिटी विश्लेषण या विषयावर पाच शनिवारांचा अभ्यासक्रम घेतला. मी तो पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत पूर्ण केला. पुण्यात या क्षेत्रात काम करणाऱ्यांना असा अभ्यासक्रम घ्यावा की नाही हे ठरवता यावे, म्हणून हा आढावा लिहीत आहे. केंद्राचे नाव दिलेले नाही, कारण मला गंभीर वाटलेल्या दोन त्रुटी मी त्यांना लेखी कळवल्या असून त्यांवर काम सुरू आहे.

शेड्युलेबिलिटी विश्लेषण म्हणजे प्रणालीतली सगळी कामे, सर्वांत प्रतिकूल क्षणीसुद्धा, आपापल्या मुदतीत पूर्ण होतील की नाही हे गणिताने आधीच तपासणे. चाचणीत सगळे वेळेवर झाले, एवढ्याने ही खात्री होत नाही, कारण सर्व कामे एकाच वेळी अंगावर येण्याचा तो एक क्षण चाचणीत कदाचित कधीच येत नाही आणि गाडी रस्त्यावर आल्यावर मात्र येतो. हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मी बारा वर्षे वाहनांतील कंट्रोल युनिटांचे सॉफ्टवेअर लिहितो आहे, आधी हिंजवडीत आणि आता चाकणला. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात चाकाच्या वेगाची नोंद अधूनमधून, दिवसातून दोनतीनदा, एका आवर्तनाने (ठरावीक अंतराने येणाऱ्या एका पाळीने) उशिरा येत असे. प्रोसेसरवरचा भार साठ टक्क्यांच्या आत होता. प्रोसेसर इतका मोकळा असताना उशीर होईलच कसा, या एका प्रश्नापाशी आम्ही तीन आठवडे अडून बसलो होतो. शेवटी कारण सापडले ते डिझाइनच्या पुनरावलोकनात सर्वांनी वाखाणलेल्या एका नीटनेटक्या क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या आराखड्यात. चाकाशी संबंधित सर्व जबाबदाऱ्या त्या एका क्लासकडे होत्या: वेग वाचणे, तो गाळून घेणे आणि दोष आढळल्यास त्याची सविस्तर नोंद साठवणे. रचना म्हणून ते अगदी योग्य होते. पण दोषाची नोंद लिहिणे सुरू असताना वेगाचा संदेश आला, की तो त्याच ऑब्जेक्टच्या रांगेत ताटकळत राही. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ‘ऑब्जेक्टची सीमा आणि वेळेची सीमा’ असे एक प्रकरण दिसले, तेव्हा तो जुना प्रकल्प डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मी त्याच दिवशी नाव नोंदवले.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. शनिवारी सकाळी साडेनऊ ते पाच, चौदा जणांची तुकडी, शुल्क अठरा हजार रुपये अधिक जीएसटी. वर्ग मराठी आणि इंग्रजी अशा मिश्र भाषेत चालतो, पण प्रश्न मराठीत विचारले तर उत्तर मराठीतच आणि पूर्ण मिळते. खोली स्वच्छ आहे, फळा मोठा आहे, आणि फळा मोठा असणे या विषयात खरोखर महत्त्वाचे आहे. वाहन ठेवायला जागा मात्र अपुरी आहे.

पहिला शनिवार पायाभूत गोष्टींचा होता आणि ज्यांना विषय थोडाफार ठाऊक आहे त्यांना तो संथ वाटेल. लिऊ आणि लेलँड यांनी 1973 मध्ये मांडलेला निष्कर्ष, म्हणजे ज्या कामाचे आवर्तन जितके लहान तितकी त्याची प्रायोरिटी, म्हणजे आधी चालण्याचा हक्क, वर ठेवली आणि एकूण भार एका ठरावीक मर्यादेत राहिला तर सर्व कामे मुदतीत होतातच, तो सिद्धतेसह शिकवला गेला. दोन कामांसाठी ही मर्यादा सुमारे 82.8 टक्के, तीन कामांसाठी सुमारे 78 टक्के आणि कामांची संख्या वाढत गेली तर ती 69.3 टक्क्यांकडे झुकते. आमच्या तुकडीतील बहुतेकांना हा 69 चा आकडा पाठ होता, पण त्यामागच्या अटी फारच थोड्यांना सांगता आल्या: कामे परस्परांपासून स्वतंत्र असावीत, कोणतेही काम कोणत्याही क्षणी मध्येच थांबवता यावे आणि प्रत्येकाची मुदत त्याच्या आवर्तनाइतकीच असावी. ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये यातल्या पहिल्या दोन अटी जवळजवळ नेहमीच मोडतात. सरांनी हे वाक्य त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आणि पाचव्या शनिवारपर्यंत पुसू दिले नाही.

या अभ्यासक्रमाचे खरे बळ दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारात आहे. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद ठेवायला सांगण्यात आले आणि प्रतिसादकाळ हाताने, कागद-पेन्सिलीने काढायला लावला. पद्धत समजायला सोपी आहे. एखादे काम पूर्ण व्हायला लागणारा अवधी म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ, अधिक त्या अवधीत वरच्या प्रायोरिटीची कामे जितक्या वेळा उपटू शकतात तितक्या वेळा त्यांना लागणारा वेळ. या बेरजेने अवधी वाढला की त्यात आणखी काही कामे येऊ शकतात, म्हणून बेरीज पुन्हा करायची आणि उत्तर स्थिरावले की थांबायचे. त्या दिवशीचे उदाहरण पुढे सर्वत्र वापरले गेले, म्हणून ते येथे पूर्ण देतो. पहिले काम दर 10 मिलिसेकंदांनी येते आणि 3 मिलिसेकंद घेते. दुसरे दर 15 ला येते आणि 4 घेते. तिसरे दर 35 ला येते आणि 10 घेते. एकूण भार 85 टक्क्यांहून किंचित अधिक होतो, म्हणजे तीन कामांसाठीच्या 78 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. मर्यादेवर विसंबणारा माणूस येथे अधिक वेगवान प्रोसेसर मागेल. पण हिशेब करून पाहिला तर तिसऱ्या कामासाठी सुरुवातीची बेरीज 17 येते. 17 मिलिसेकंदांत पहिले काम दोनदा आणि दुसरे दोनदा येऊ शकते, म्हणून बेरीज 24 होते. 24 मध्ये पहिले तीनदा येते, म्हणून 27. आणि 27 मध्ये पुन्हा तितकीच कामे येतात, म्हणून उत्तर 27 वर थांबते. मुदत 35 ची आहे. काम वेळेत बसते, आणि तेही आठ मिलिसेकंद राखून.

हे गणित वर्गात उलगडले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या, पिंपरीच्या एका कारखान्यातून आलेल्या मुलीने विचारले, “सर, मग ती टक्केवारीची मर्यादा शिकायचीच कशाला?” सर म्हणाले, “मर्यादेच्या आत असाल तर तुम्हाला पुढे काही मोजावे लागत नाही. बाहेर असाल तर तिने तुम्हाला नापास केलेले नसते, फक्त मोजायला सांगितलेले असते.” इतके स्पष्ट उत्तर मी बारा वर्षांत कुठल्याही बैठकीत ऐकले नव्हते.

येथे एक गोष्ट सरांनी आवर्जून सांगितली आणि ती पुण्यातल्या वाचकांना ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते. प्रतिसादकाळ काढण्याची ही पद्धत 1986 मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी प्रसिद्ध केली. दोघेही मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चशी निगडित संशोधक होते आणि जोसेफ पुढे पुण्यातील टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरचे प्रमुख झाले. जगभर रिअल-टाइम प्रणालींच्या वर्गांत शिकवले जाणारे हे गणित आपल्या इतक्या जवळच्या माणसांचे आहे, हे चाकण आणि हिंजवडीत रोज प्रायोरिटी ठरवणाऱ्या आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते.

तिसऱ्या शनिवारी हेच तीन कामांचे उदाहरण ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये आणले गेले आणि अभ्यासक्रमाने आपले मुख्य म्हणणे तिथे मांडले: ऑब्जेक्ट हा रचनेचा घटक आहे, वेळेचा नाही. ब्रान सेलिक, गार्थ गुलेकसन आणि पॉल वॉर्ड यांनी 1994 मध्ये मांडलेल्या रूम या पद्धतीपासून पुढे यूएमएलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी मांडण्याच्या प्रमाणित भाषेच्या, रिअल-टाइम रूपापर्यंत एक संकल्पना चालत आली आहे. प्रत्येक सक्रिय ऑब्जेक्टची, ज्याला यूएमएलच्या या रूपात कॅप्सूल म्हणतात, स्वतःची स्टेट मशीन (कोणत्या अवस्थेत काय करायचे याची आखणी) असते. तो पोर्टमधून, म्हणजे ठरवून दिलेल्या दारातून, येणारे संदेश एकेक करून घेतो आणि एका संदेशावरची कृती पूर्ण झाल्याशिवाय दुसरा उचलत नाही. याला रन-टू-कम्प्लीशन म्हणतात. या नियमामुळे ऑब्जेक्टच्या आतला डेटा आपोआप सुरक्षित राहतो आणि कुलुपांची, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या यंत्रणेची, गरज उरत नाही. सरांनी त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. किराणा दुकानात एकच काउंटर आहे, समोर महिन्याचे सामान भरणारे गिऱ्हाईक उभे आहे आणि मागून कोणीतरी फक्त काडेपेटी मागायला येतो. काडेपेटी कितीही निकडीची असली तरी हातातली यादी संपेपर्यंत त्याला थांबावेच लागते.

आता आकडे पाहा. पहिले काम म्हणजे वेग वाचणे आणि तिसरे म्हणजे नोंद लिहिणे, ही दोन्ही एकाच कॅप्सूलकडे दिली, असे समजू. नोंद लिहिणे नुकतेच सुरू झाले आणि वेगाचा संदेश आला, तर त्याला जवळजवळ 10 मिलिसेकंद थांबावे लागते आणि मग स्वतःचे 3 लागतात. म्हणजे प्रतिसादकाळ 13 च्या घरात जातो, तर मुदत 10 ची आहे. हे सुद्धा त्या कॅप्सूलचा थ्रेड, म्हणजे त्याचे काम प्रोसेसरवर चालवणारा स्वतंत्र धागा, सर्वांत वरच्या प्रायोरिटीवर ठेवला तर. तसा ठेवल्यामुळे दुसऱ्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या कामाचे काय होते? त्याचे 4, नोंदीचे 10 आणि त्या अवधीत दोनदा येणाऱ्या वेगाच्या कामाचे 6 मिळून 20 होतात, आणि त्याची मुदत 15 ची आहे. एकूण भार तोच 85 टक्के, कोडची एकही ओळ बदललेली नाही, क्लास डायग्राम उलट अधिक सुटसुटीत झाला आहे, आणि तीनपैकी दोन कामांची मुदत चुकली आहे. माझा जुना प्रकल्प याहून वेगळा नव्हता. तीन आठवडे शोधलेले उत्तर त्या दिवशी फळ्यावर दहा मिनिटांत आले, तेव्हा आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले.

उपायांची चर्चा तितकीच सखोल होती. नोंद लिहिण्याचे दहा मिलिसेकंदांचे काम दोन-दोन मिलिसेकंदांच्या पाच तुकड्यांत विभागावे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कॅप्सूलने स्वतःलाच पुढचा संदेश पाठवावा, आणि थ्रेडची प्रायोरिटी कॅप्सूलवरून न ठरवता हातातल्या आणि रांगेत थांबलेल्या संदेशांच्या निकडीवरून ठरवावी. मग वेगाच्या कामाची अडवणूक दोन मिलिसेकंदांवर येते आणि त्याचा प्रतिसादकाळ 5 होतो. दुसऱ्या कामाचा 9 होतो. दोन्ही आरामात बसतात. यात एक गोष्ट सहज निसटते. प्रायोरिटी ही ऑब्जेक्टला किंवा थ्रेडला चिकटवायची खूण नसून घटनेची आहे. बाहेरची एखादी घटना प्रणालीत शिरल्यापासून तिचे उत्तर बाहेर पडेपर्यंत ज्या ज्या ऑब्जेक्टांतून जाते, त्या संपूर्ण साखळीची मुदत असते, आणि विश्लेषण त्या साखळीचे करायचे असते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइनला शेड्युलेबिलिटी विश्लेषणाची जोड कशी द्यावी यावर सक्सेना आणि कार्वेलास यांनी 2000 साली लिहिलेल्या निबंधाचा आधार सरांनी येथे घेतला होता आणि तो वर्गात वाचायलाही दिला होता.

साखळी एकाहून अधिक थ्रेडांतून जात असेल, तर आधीच्या टप्प्याचा प्रतिसादकाळ हा पुढच्या टप्प्यासाठी अनियमितता, म्हणजे जिटर, बनतो. दर 10 मिलिसेकंदांनी निघणारा संदेश पुढच्या ऑब्जेक्टकडे कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतो, आणि लागोपाठचे दोन संदेश जवळजवळ येऊन खालच्या कामाला अपेक्षेहून अधिक छळतात. हा भाग अवघड आहे आणि त्याला आणखी दोन तास द्यायला हवे होते.

प्रायोरिटी उलटण्याच्या प्रश्नासाठी मार्स पाथफाइंडरचे उदाहरण घेतले गेले. ते यान 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या प्रायोरिटीच्या कामाने एक कुलूप धरून ठेवले होते, माहितीची बस, म्हणजे यानाचे भाग जोडणारी संदेशवाहिनी, सांभाळणारे वरच्या प्रायोरिटीचे काम त्या कुलपासाठी थांबले होते, आणि या दोघांच्या मधल्या प्रायोरिटीची कामे खालच्याला पुढे सरकू देत नव्हती. वरच्याचे काम वेळेत झाले नाही की रक्षक यंत्रणा सगळे रीसेट करी. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तो प्रसंग पुन्हा घडवून, कुलपाच्या प्रायोरिटी इनहेरिटन्सचा (कुलूप धरणाऱ्याला त्यासाठी थांबलेल्याची वरची प्रायोरिटी तात्पुरती देण्याचा) पर्याय चालू करून तो दोष दूर केला गेला. शा, राजकुमार आणि लेहॉत्स्की यांनी त्या तंत्राचे विश्लेषण 1990 मध्येच प्रसिद्ध केले होते. ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. पण सरांनी ती कॅप्सूलशी जोडली हे नवीन होते. रन-टू-कम्प्लीशन पाळणारा ऑब्जेक्ट हा स्वतःच एक कुलूप असतो. फरक इतकाच की डायग्राममध्ये तो कुलपासारखा दिसत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे त्या नजरेने पाहत नाही.

चौथा शनिवार साधनांचा होता आणि तो मला कमजोर वाटला. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने 2009 मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केलेली मार्ते ही यूएमएलची जोडणी शिकवायची होती. आधीची, वेळ आणि शेड्युलेबिलिटीसाठीचीच जोडणी बाजूला सारून ती आली, आणि तिच्यात शेड्युलेबिलिटी विश्लेषणासाठी सॅम नावाचा स्वतंत्र भाग आहे. सीक्वेन्स डायग्राममधल्या (ऑब्जेक्टांमधल्या संदेशांचा क्रम दाखवणाऱ्या आकृतीतल्या) प्रत्येक टप्प्यावर त्याला लागणारा वेळ, तो ज्या प्रोसेसरवर चालतो तो प्रोसेसर आणि प्रायोरिटी; बाहेरच्या घटनेवर तिच्या येण्याची रीत, ठरावीक आवर्तनाने की अधूनमधून; आणि संपूर्ण साखळीवर तिची मुदत, असे सर्व मॉडेलमध्येच लिहिता येते. कल्पना उत्तम आहे, कारण त्यामुळे तिसऱ्या शनिवारी शिकलेली घटनेची साखळी मॉडेलमध्ये उघड दिसू लागते. विश्लेषणासाठी स्पेनच्या कांताब्रिया विद्यापीठातले मास्ट आणि फ्रान्सच्या ब्रेस्ट विद्यापीठातले चेडर ही दोन खुली साधने ठेवली होती. परंतु प्रयोगशाळेतल्या निम्म्या संगणकांवर आवश्यक ती मांडणी आधी करून ठेवलेली नव्हती, आणि सकाळचे अडीच तास त्यातच गेले. साहाय्य करणाऱ्या मॅडम प्रत्येकाच्या खुर्चीपाशी येऊन धीराने मदत करत होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण इतक्या शुल्कात संगणक आदल्या दिवशी तयार असणे अपेक्षित आहे. परिणामी मॉडेलमधील माहिती साधनाकडे आपोआप कशी जाते हे पाहायचे राहिले आणि सर्वांनी तक्त्यातले आकडे साधनात हाताने भरले. हाताने काढलेले 27 हे उत्तर चेडरच्या पडद्यावर उमटले तेव्हा वर्गात समाधान दिसले, हे खरे आहे. पण ज्या मॉडेलमुळे आम्ही तिथे जमलो होतो ते मॉडेल त्या दिवशी बाजूलाच राहिले.

पाचव्या शनिवारी कॅन बसचा, म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिटे एकमेकांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीचा, विषय निघाला. पुण्यात वाहनक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी हा सर्वांत उपयोगी भाग असायला हवा होता, आणि अभ्यासक्रमातील सर्वांत गंभीर चूक नेमकी येथे सापडली. वाटलेल्या टिपणात कॅन संदेशांच्या प्रतिसादकाळाचे 1994 च्या सुमाराचे मूळ सूत्र छापले होते. ते सूत्र अनेक वर्षे उद्योगात वापरले गेले, पण 2007 मध्ये डेव्हिस, बर्न्स, ब्रिल आणि लुक्किएन यांनी त्यातला दोष दाखवून सुधारित विश्लेषण प्रसिद्ध केले. बसवर एकदा निघालेला संदेश मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे सर्वांत जास्त उशीर नेहमी पहिल्याच फेरीला होतो असे नाही. बस सतत व्यस्त असताना येणारी प्रत्येक फेरी तपासावी लागते. त्यांच्या निबंधातले उदाहरण इतके लहान आहे की ते चहाच्या सुट्टीत वहीत काढता येते. प्रत्येकी 1 मिलिसेकंद घेणारे तीन संदेश, आवर्तने 2.5, 3.5 आणि 3.5. शेवटच्या संदेशाची पहिली फेरी 3 मिलिसेकंदांत संपते. दुसरी 3.5 ला निघते, पण मध्ये इतरांची पाळी येऊन 7 ला पूर्ण होते, म्हणजे तिला 3.5 लागतात. मुदत 3.25 असेल तर जुने सूत्र उत्तीर्ण ठरवते आणि बस मात्र उशीर करते.

मी ही आकृती काढून सरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा तपासली, टिपण जुन्या तुकडीचे असल्याचे मान्य केले आणि वर्गासमोर येऊन चूक सांगितली. पुढच्या आठवड्यात सुधारित टिपण सर्वांना ईमेलने आले. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाढला. तरीही ब्रेकचे किंवा स्टिअरिंगचे संदेश ज्या बसवरून जातात तिच्या विश्लेषणाचे सूत्र शिकवताना दुरुस्ती होऊन इतकी वर्षे झालेली गोष्ट सुटावी, हे मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. त्या दिवशी कोणी लक्ष वेधले नसते तर चौदा जण ते टिपण घेऊन आपापल्या कारखान्यांत गेले असते.

दुसरी त्रुटी ही चूक नसून उणीव आहे, आणि माझ्या मते ती अधिक खोल आहे. पाचही दिवस प्रत्येक कामाला लागणारा जास्तीत जास्त वेळ आम्हाला तयार आकडा म्हणून दिला गेला: 3, 4, 10. प्रत्यक्षात हा आकडा कुठून येतो? आम्ही कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रोसेसरची एक पिन वर-खाली करून तो अवधी ऑसिलोस्कोपवर मोजतो आणि दिसलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर काही टक्के वाढवून तो तक्त्यात भरतो. दिसलेला सर्वांत मोठा आकडा हा असू शकणारा सर्वांत मोठा आकडा नसतो. कॅशे (प्रोसेसरची जलद तात्पुरती स्मृती), इंटरप्ट (चालू काम थांबवणारी बाहेरची सूचना) आणि कोडमधली क्वचितच घेतली जाणारी वाट या गोष्टी मोजमापात सहसा सापडत नाहीत. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोडमध्ये त्यात आणखी एक अडचण येते आणि या अभ्यासक्रमाच्या शीर्षकातच तो शब्द असल्यामुळे तिची चर्चा होणे अत्यंत आवश्यक होते. मॉडेलमध्ये कॉल मूळ क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनला, म्हणजे त्यापासून बनलेले उपक्लास आपापल्या परीने बदलू शकतात अशा कृतीला, जातो. चालताना तो कोणत्या उपक्लासचा असेल हे मॉडेल सांगत नाही. म्हणून वेळ धरायचा तो त्या युनिटमध्ये प्रत्यक्ष असणाऱ्या सर्व उपक्लासांतला सर्वांत मोठा. उपक्लास हा मूळ क्लासच्या जागी निर्धोक बसला पाहिजे, हे बार्बरा लिस्कोव यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आपण वर्तनासाठी पाळतो, पण वेळेसाठी कोणी पाळत नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातला कोणी एक नवा, वर्तनाने निर्दोष, पण दुप्पट वेळ घेणारा उपक्लास जोडतो, कोडच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात, आणि प्रतिसादकाळाचा तक्ता मात्र त्या क्षणापासून खोटा ठरतो. डायनॅमिक मेमरीचेही तसेच आहे. ऑब्जेक्ट चालताना निर्माण होत असतील तर त्यांना लागणाऱ्या वेळेला वरची मर्यादा घालणे कठीण होते, म्हणून अनेक ठिकाणी ते सुरुवातीलाच निर्माण करून ठेवतात. यातले काहीही शिकवले गेले नाही. मी हे लेखी कळवल्यावर पुढच्या तुकडीत मोजमापासाठी अर्धा दिवस ठेवू असे केंद्राने उत्तर दिले आहे.

एवढे असूनही मी हा अभ्यासक्रम घ्यावा असे म्हणेन, पण सर्वांनी नाही. ज्यांनी अजून एकही मल्टीथ्रेडेड प्रणाली प्रत्यक्ष बांधलेली नाही त्यांना तिसऱ्या शनिवारचे महत्त्व कळणार नाही. त्यांनी आधी वर्षभर काम करावे. ज्यांना केवळ साधन चालवायला शिकायचे आहे त्यांच्यासाठी चौथा शनिवार आजच्या स्थितीत पुरेसा नाही. पण जे वाहन, वैद्यकीय उपकरणे किंवा यंत्रनियंत्रण या क्षेत्रांत क्लास डायग्राम रोज काढतात आणि त्यातल्या कोणत्या रेषेवर किती मिलिसेकंद जातात हे ज्यांनी कधी लिहिलेले नाही, त्यांच्यासाठी दुसरा आणि तिसरा असे दोनच शनिवारही पूर्ण शुल्काच्या मोलाचे आहेत. जाताना आपल्याच प्रकल्पातले तीनचार आकडे मोजून न्यावेत. सर ते आनंदाने फळ्यावर घेतात आणि चर्चा लगेच निराळ्या पातळीवर जाते.

आमच्या गटातल्या दोन सहकारी दिवाळीनंतरच्या तुकडीला जाणार आहेत. चाकाच्या वेगाच्या त्या जुन्या प्रकल्पातली मोजमापांची वही मी त्यांच्यासाठी काढून ठेवली आहे.